पोटात गोळा: एका निवृत्त लिफ्टवाल्याचे आवडते पार्क

चौतीस वर्षं मी लिफ्टची कामं केली. आमच्या धंद्यात काम चांगलं झालं याची खूण एकच. माणूस आत शिरतो, बटण दाबतो, आरशात केस नीट करतो, बाहेर पडतो आणि आपण आठ मजले चढलो हे त्याच्या पोटाला कळतसुद्धा नाही. पोटाला कळलं की सेक्रेटरीचा फोन आलाच: "लिफ्ट झटका मारतेय हो, बघून जा." मग वर मशीन रूममध्ये जायचं, ब्रेक बघायचा, लेव्हलिंग बघायचं, रोपचा ताण हातानं चाचपायचा.

आणि सुट्टी मिळाली की हाच माणूस पदरचे पैसे मोडून झटके खायला जातो. बायको म्हणते, "आठवडाभर लोकांच्या पोटातला गोळा काढायचा आणि रविवारी स्वतःच्या पोटात घालून घ्यायचा." यावर माझ्याकडं उत्तर नाही.

ओळखीतले लोक विचारत असतात. पोरांना घेऊन कुठं जावं, लेकीकडं अमेरिकेला चाललोय तर तिकडं कुठलं पार्क बघावं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. एक आधीच सांगतो, मला पाण्याच्या घसरगुंड्यांत रस नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मी रोलर कोस्टरचा माणूस.

सुरुवात पुसेगावच्या यात्रेत झाली. सेवागिरी महाराजांच्या रथाला नोटांच्या माळा घालतात ती यात्रा. आमचे चुलते तिथं बैल बघायला जायचे आणि आम्हा पोरांना पाळण्यापाशी सोडायचे. लाकडी पाळणा, चार पेट्या, आणि फिरवायला मोटर नाही, दोन गडी. एक खालून पेटी ढकलायचा, दुसरा सांगाड्यावर चढून वरची पेटी अंगाच्या भारानं खाली आणायचा. पेटी माथ्यावर आली की क्षणभर थांबल्यासारखी व्हायची, खालची माणसं, बैल, शेवचिवड्याच्या पाट्या सगळं दिसायचं, आणि मग बुडाखालची फळी निसटायची. फळी निसटायची नाही, आपणच तिच्यावरून उचलले जायचो, पण हे कळायला मला पुढं चाळीस वर्षं लागली. त्या अर्ध्या सेकंदासाठी मी आजही रांगेत उभा राहतो. बाकी सगळी सजावट.

मुंबईत आल्यावर पहिलं मोठं पार्क अर्थातच एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झालं आणि आम्ही १९९१ मध्ये गेलो, लग्नाला सहा महिने झाले होते. डोंबिवलीहून दादर, दादरहून बोरिवली, तिथून बस, आणि मग खाडी ओलांडायला लाँच. खरी मजा त्या लाँचनंच सुरू व्हायची. जाहिरातीतलं गाणं तेव्हा पोराटोरांच्या तोंडी होतं, लाँचमध्ये कुणीतरी हमखास ते धरायचं आणि अख्खी बोट म्हणायची. झिपर डिपर नावाच्या कोस्टरमध्ये मी सहा वेळा बसलो. बायको एकदाही नाही. ती 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' या भुतांच्या खेळातून मात्र अगदी शांतपणे बाहेर आली आणि म्हणाली, "त्या भुताच्या हाताला ग्रीस लागलंय." लिफ्टवाल्याशी लग्न केल्याचे परिणाम. आता एस्सेलवर्ल्ड बंद आहे, शेजारचं वॉटर किंगडम चालू आहे. गोराईच्या खाडीतून अजूनही कधी गेलो तर ग्लोबल पॅगोड्याचा सोनेरी घुमट दिसतो, आणि नजर त्याच्या बाजूला काहीतरी शोधत राहते.

पुढं जाण्याआधी माझी परीक्षा सांगतो, कारण पार्क मी तिच्यावरच ठरवतो. पाळण्यात बसण्याआधी दहा मिनिटं मी नुसता कठड्याला टेकून उभा राहतो. तिथली पोरं प्रत्येक सीटचा दांडा हातानं ओढून बघतात का, की लांबूनच अंगठा दाखवतात? एखाद्यानं उठून जागा बदलली तर पुन्हा पहिल्यापासून तपासतात का? पाळण्याच्या पायाशी तेल गळलंय का? आठ-दहा वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका छोट्या पार्कात, नाव घेत नाही, मी कोलंबसमध्ये बसलो. झोपाळ्यासारखी मोठी बोट असते ती. मांडीवरच्या दांड्याची खीळ नायलॉनच्या सुतळीनं बांधलेली. मी उतरलो. तो पोरगा म्हणाला, "काका, काही होत नाही." लिफ्टच्या धंद्यात मी सगळ्यांत जास्त घाबरलो असेन तर या तीन शब्दांना. दरवाजा उघडा ठेवून लिफ्ट चालवणारा प्रत्येक वॉचमन हेच म्हणायचा.

तर खोपोली. इमॅजिका. महाराष्ट्रात कोस्टरसाठी जायचं तर दुसरीकडं जाऊच नका. मनमोहन शेट्टींनी, म्हणजे ॲडलॅब्जवाल्यांनी, २०१३ मध्ये ते सुरू केलं, आणि २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं आहे. लोक गाडी काढून एक्सप्रेसवेनं जातात. मी लोकलनं जातो. डोंबिवलीला सकाळची खोपोली गाडी पकडायची, कर्जतनंतर डबा रिकामा होतो, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, आणि मग खोपोली. शेवटचं स्टेशन, झोप लागली तरी चुकत नाही. तिथून पाली रस्त्यानं रिक्षा. आमच्या ओळखीतले बरेच जण एका दिवशी महडचा वरदविनायक, पालीचा बल्लाळेश्वर आणि मध्ये इमॅजिका असा बेत करतात. करू नका. तिन्हीकडं घाई होते आणि गणपतीसमोर उभं असतानाही पोरांचं लक्ष घड्याळात.

तिथं नायट्रो नावाचा कोस्टर आहे. मी आजवर सव्वीस वेळा बसलोय, वहीत नोंद आहे. स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार या कंपनीनं बनवलेला. वॉल्टर बोलिगर आणि क्लोद माबियार या दोन इंजिनियरांनी १९८८ मध्ये ती काढली, आणि कोस्टरच्या जगात त्यांचं नाव म्हणजे आमच्याकडं चांगल्या जर्मन बेअरिंगचं असतं तसं. नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, पाच वेळा उलटं. पण आकडे सोडा, सुरुवात बघा. तुम्ही बसता, खांद्यावरून जाडजूड पट्टा खाली येतो, पोरगा तो दाबून, ओढून बघतो. चपला तुम्ही आधीच बाजूला काढून ठेवलेल्या असतात, आणि का ते आता कळतं. पायाखालची जमीन खाली जाते. अक्षरशः, खटकन आवाज होऊन प्लॅटफॉर्मची फरशी खाली सरकते आणि तुमचे अनवाणी पाय हवेत लोंबकळतात. मी लिफ्टच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं उतरलोय, कडेला उभं राहून खाली वाकून बघितलंय, तरी पहिल्या वेळी पाय आपोआप वर घेतले. शेजारी एक कॉलेजचा मुलगा होता, त्यानंही. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही बघितलंच नाही असं दाखवलं.

मग चढ. या चढाला इंग्रजीत लिफ्ट हिल म्हणतात हे कळलं तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते समजा. साखळी गाडीला वर ओढते आणि खालून खट-खट-खट आवाज येत राहतो. शेजारचे लोक त्या आवाजाला घाबरतात. अहो, तो आवाज येतोय म्हणून तर निर्धास्त बसायचं. रुळाच्या मधोमध दात्यांची पट्टी असते, गाडीखालची खीळ एकेका दात्यावरून पुढं सरकते आणि पडते. साखळी तुटलीच, तर गाडी मागं येणार नाही, शेवटच्या दात्यावर अडकून राहील. मागं सरकू न देण्याची ही युक्ती आमच्याच खानदानातली आहे, पण ती गोष्ट न्यूयॉर्कमध्ये सांगतो.

बसायचं कुठं? पुढच्या रांगेत सह्याद्री दिसतो, पावसाळा सरता सरता गेलात तर हिरवागार. पण मी मागची रांग घेतो. गाडी लांब असते. पुढचा अर्धा भाग माथ्यावरून खाली सुटला की तो मागच्याला ओढतो, त्यामुळं मागचा डबा माथ्यावरून जाताना जास्त वेगात असतो आणि तुम्ही सीटवरून जास्त जोरात सुटता. आणखी एक गोष्ट. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बसा. सकाळी चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस गार असतं, गाडी जरा आळसावलेली. दिवसभर धावून, उन्हात तापून संध्याकाळी तीच गाडी झरझर जाते. बायकोला हे पटत नाही. पण ती बसत नाही, तेव्हा तिचं मत धरायचं कारण नाही.

एक सांगायला हवं. खांद्यावरून पट्टा आला की पुसेगावची ती फळी निसटण्याची मजा कमी होते, कारण अंग वर उचललं जायला जागाच नसते. नायट्रो तुम्हाला पिळून काढतो, गोल फिरवतो, पायांत रक्त उतरवतो. ती वेगळी मजा. डीप स्पेस अंधारातली गाडी, साखळीनं वर न नेता एकदम सुसाट सोडतात. पुढं वळण कुठं हे दिसत नसल्यामुळं मान तयार राहत नाही, म्हणून साठीच्या पुढच्यांनी डोकं सीटला टेकवूनच बसावं. बायकोची यादी वेगळी आहे: 'आय फॉर इंडिया'मध्ये पाय लोंबकळत ठेवून पडद्यावर देशभर उडत जायचं, ते तिला इतकं आवडलं की दोनदा गेली. राजासॉरस नावाच्या बोटीतही ती बसते. हे नाव बनवलेलं नाही बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात खरंच या डायनासोरचे अवशेष सापडलेत, २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं.

बंगळूरचं वंडरला चांगलं आहे, म्हैसूर रस्त्यावर बिडदीला, २००५ पासून. मी तिथं गेलो ते एका वेगळ्याच कारणानं. हे पार्क काढणारे कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली म्हणजे व्ही-गार्ड स्टॅबिलायझरवाले. अर्ध्या डोंबिवलीत मी त्यांचे स्टॅबिलायझर बघितलेत. ज्या माणसानं आयुष्यभर व्होल्टेजचे झटके थांबवले, त्यानं लोकांना झटके द्यायला कोचीत २००० साली पार्क काढलं! मला एकदम घरचं माणूस वाटलं. तिथला रिकॉइल नावाचा कोस्टर पुढं जातो आणि मग तोच रस्ता उलटा, पाठ पुढं करून. उलटं जाताना पोट कशाची तयारी करायची हे विसरून जातं. बाकी तिथं पाण्याचे खेळ जास्त, म्हणून थोडक्यात उरकतो.

आता अमेरिका. लेक एडिसनला राहते, न्यू जर्सीत, जिथं पोहे, साबुदाणा आणि कांदा-लसूण मसाला आपल्या नाक्यापेक्षा लवकर मिळतो. २०१८ मध्ये पहिल्यांदा गेलो. जावई म्हणाला, "बाबा, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी बघायचं ना?" मी म्हटलं बघू, पण आधी कोनी आयलंड.

समुद्रकिनाऱ्यावरची ही जागा म्हणजे या सगळ्याचं पंढरपूर. १८८४ मध्ये लमार्कस थॉम्पसननं इथं स्विचबॅक रेल्वे सुरू केली, पाच सेंट तिकीट. लाकडी रूळ, चढ-उतार, आणि वेग सायकलपेक्षाही कमी. तरी लोकांनी गर्दी केली. आज तिथं १९२७ चा सायक्लोन उभा आहे, लाकडी, आणि चालतो. लाकडी कोस्टर चालताना कुरकुरतो, हलतो, त्यात घाबरायचं काही नाही. हलायलाच हवा. न हलणारं लाकूड मोडतं.

आणि आता ती खानदानाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी मॅनहॅटनमध्ये ब्रायंट पार्कला गेलो. लोक बाकांवर बसून सँडविच खात होते, आमच्या बागेत भेळ खातात तसे. त्याच जागेवर १८५३-५४ मध्ये क्रिस्टल पॅलेसचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एलिशा ओटिस एका उघड्या लिफ्टवर उभा राहिला, वर गेला आणि सगळ्यांदेखत रोप कापायला लावला. लिफ्ट पडली नाही. बाजूच्या रुळांना दाते होते, रोपचा ताण गेला की स्प्रिंग सुटून खिळी त्या दात्यांत अडकायच्या. म्हणजे नायट्रोच्या चढावर खट-खट करणारी तीच जात. आमच्या धंद्याचा जन्म एका प्रदर्शनात, तमाशा बघायला आलेल्या गर्दीसमोर झाला. मी तिथं उभा राहून जावयाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, कॉफी घेऊ या का?"

त्याच सुट्टीत न्यू जर्सीतल्याच जॅक्सनचं सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्क. तिथं तेव्हा किंगडा का होता, जगातला सगळ्यांत उंच कोस्टर. १३९ मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजल्यांची इमारत. साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर, सरळ वर, सरळ खाली, अर्ध्या मिनिटात खेळ खलास. उतरलो तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं. मोठं काम होतं ते, मान्य. पण तोफेतून उडवलेल्या गोळ्याला मजा येत असेल असं मला वाटत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तो सुरुंग लावून पाडला. लेकीनं व्हिडिओ पाठवला. इतकं उंच लोखंड खाली बसताना बघून मला वाईट वाटलं, पण पुन्हा बसायला मिळणार नाही म्हणून नाही.

खरं रत्न तिथलं वेगळंच: एल टोरो. २००६ चा, लाकडी, ५५ मीटर उंच, आणि पहिला उतार इतका उभा की माथ्यावरून खालचा रूळच दिसत नाही. आणि चढावर साखळी नाही. रोप! विंचवर गुंडाळली जाणारी तारेची रोप, आमच्यासारखीच. मी रांग सोडून कठड्याला चिकटलो, गाडी रोपला कशी लागते, माथ्यावर कशी सुटते ते बघत. आवाज नाही, खट-खट नाही, सरसर वर. आणि माथ्यानंतर पहिल्यांदा, चाळीस वर्षांनी, पुसेगाव. नुसता मांडीवर दांडा, अंग मोकळं, प्रत्येक टेकडीवर बूड सीटवरून उचललं जातं आणि तिथंच राहतं. मी ओरडलो. मराठीत. काय ओरडलो ते इथं लिहिता येणार नाही.

तिथंच आणखी एक नायट्रो आहे, २००१ चा, त्याच स्विस कंपनीचा, सत्तर मीटर, एकदाही उलटा न होणारा. खोपोलीचा नायट्रो पैलवान, हा नर्तक. नाव एक, घराणं एक, स्वभाव मात्र पार निराळे.

२०२३ च्या खेपेला पिट्सबर्गला गेलो. तिकडचे आपले लोक पिट्सबर्गला जातात ते बालाजीला. पेन हिल्सला टेकडीवर जुनं देऊळ आहे, प्रसादाचा दहीभात उत्तम. बायकोला ते बघायचं होतं, आणि तिथून अर्ध्या तासावर केनीवूड आहे हे मी नकाशावर आधीच बघून ठेवलं होतं, हे तिला वाटेत कळलं.

केनीवूड १८९८ चं. ट्रॅम कंपनीनं काढलेलं. तेव्हा तिकडं ट्रॅमवाल्यांची अडचण अशी की आठवडाभर कामगार ये-जा करायचे, पण रविवारी गाड्या रिकाम्या. मग लाइनच्या टोकाला बाग करा, पाळणे लावा, लोक आपोआप गाडीत बसतील. अशी बरीच पार्कं उभी राहिली, बहुतेक गेली, हे राहिलं. रस्त्याखालच्या बोगद्यातून आत शिरायचं. पार्कातून नदीपलीकडं पोलादाचा कारखाना धूर सोडताना दिसतो. मला ते फार आवडलं. ज्या लोखंडावर आपण बसलोय ते कुठून येतं, ते समोर.

तिथला जॅक रॅबिट कोस्टर १९२० चा. जॉन मिलर नावाच्या माणसाचा. हा माणूस नसता तर आज कोस्टर म्हणून जे काही आहे ते नसतं. आधी गाड्यांना रुळाच्या खालून धरणारी चाकं नसायची, म्हणून उतार बेताचेच ठेवावे लागायचे, नाही तर गाडी रूळ सोडून उडायची. मिलरनं रुळाच्या खालूनही चाक लावलं, १९१९ मध्ये पेटंट घेतलं. वर एक, बाजूला एक, खाली एक. गाडीनं रूळ मिठीत घेतला. लिफ्टच्या पेटीला रुळावर धरून ठेवणारा गाईड शू रेलला तिन्ही बाजूंनी धरतो, अगदी तसंच. जॅक रॅबिटच्या शेवटी दुहेरी उतार आहे: खाली येता, जरा सपाट, आणि परत खाली. त्या दुसऱ्या उतारावर शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडानं मला सीटवरून अलगद उचललं. खालचं चाक रुळाला धरून होतं, मला माहीत होतं, म्हणून हसू येत होतं.

शेजारी थंडरबोल्ट. त्याच्या दारावर नियम: एकट्या माणसाला बसता येणार नाही. वळणावर दोघंही एका बाजूला रगडले जातात, एकटा असला तर सीटभर घरंगळेल. लेक-जावई नातवाला घेऊन बदकांच्या गाडीकडं गेलेले. मी पाटी वाचून परत फिरलो. बायको बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, बाजूला माझी टोपी.

"काय झालं?"

"एकट्याला सोडत नाहीत."

तिनं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सहा तास गाडीत बसवून आणलंत," असं म्हणून उठली, साडीचा पदर खोचला, चष्मा पर्समध्ये टाकला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, अगं नको, जोरात असतो. ती रांगेत पुढं निघून गेली होती.

थंडरबोल्ट सुटतो तोच दरीत. चढ मध्येच कधीतरी येतो. ती ओरडली नाही. मधल्या गोल गोल वळणांवर ती माझ्यावर आदळत राहिली, आणि माझा उजवा हात तिनं असा धरला होता की उतरल्यावर मनगटावर बांगडीचा लाल वळ होता, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला. गाडी थांबली. तिनं पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला.

"एवढंच?" म्हणाली. "यासाठी तुम्ही लोकलमध्ये उभं राहून खोपोलीला जाता?"

मग पोटॅटो पॅच या तिथल्या दुकानातले जाड बटाट्याचे काप घेतले, वर चीज, आणि दोघांत एक घेऊ म्हणत अर्ध्याहून जास्त तिनंच खाल्ले.

शेवटचं आणि माझ्या यादीतलं पहिलं: कनोबल्स. पेनसिल्व्हानियात, एलिसबर्ग गावाजवळ झाडीत, १९२६ पासून. आत जायला पैसे नाहीत. गाडी लावायला पैसे नाहीत. ज्याला पाळण्यात बसायचं त्यानं तिकिटांचं पुस्तक घ्यावं, ज्याला नाही त्यानं ओढ्याकाठी बाकावर बसावं. बायकोच्या भाषेत, "पहिलं पार्क, जिथं न बसण्याचे पैसे घेत नाहीत." आमच्या घरात दर वेळी हा वाद असतो, की आजीचं पूर्ण तिकीट कशाला, ती तर पिशव्या सांभाळणार.

तिथला फिनिक्स मूळ तिथला नाही. १९४७ मध्ये तो टेक्सासात सॅन अँटोनिओला उभा राहिला, नाव होतं रॉकेट. ते पार्क १९८० मध्ये बंद पडलं. कनोबल्सवाल्यांनी अख्खा कोस्टर खोलला, लाकूड आणून पुन्हा जोडला, १९८५ मध्ये नव्या नावानं सुरू केला. जुनी लिफ्ट एका इमारतीतून काढून दुसऱ्या इमारतीत बसवायची म्हटलं तरी आमच्या पोटात गोळा यायचा, प्रत्येक नटबोल्टला खडूनं नंबर घालायचो आणि तरी दोन उरायचेच. इथं अख्खी टेकडी हलवली.

उंची जेमतेम २४ मीटर. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे आपली फास्ट लोकलसुद्धा कधीकधी एवढी पळते. सुटताच काळोखा बोगदा, मग चढ, आणि खट-खट-खट. मांडीवर दोघांत मिळून एकच दांडा, तोही आवळून बसत नाही, बोटभर फट राहते. सगळी करामत त्या फटीत. पहिल्या टेकडीवर उचललो, दुसऱ्या टेकडीवर उचललो, पुढं तर दोनदा वर आणि दोनदा खाली अशा जोडटेकड्या आहेत, तिथं मी सीटला टेकलेलोच नव्हतो. शेजारी सत्तरीचा एक गोरा गृहस्थ होता, हात वर करून बसलेला. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, दर रविवारी येत असल्यासारखी. मी सलग पाच वेळा बसलो. सहाव्या वेळी लेकीनं हात धरून बाहेर काढलं, अंधार पडत होता.

बायको तोवर लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर होती. तिथं बाहेरच्या घोड्यावर बसलं की फिरता फिरता हात लांब करून कड्या ओढता येतात, पितळेची कडी मिळाली तर पुढची फेरी फुकट. तिला सात लोखंडी मिळाल्या. पितळेची एका लहान मुलीला मिळाली, आणि यावर एडिसनपर्यंत तीन तास चर्चा झाली, की ती मुलगी वाकून पुढं हात घालत होती, ते नियमात बसतं का.

पुस्तकातली चार तिकिटं उरली. लेकीनं विचारून ठेवलंय, पुढच्या खेपेला चालतील. माझ्या पाकिटात आहेत, लायसन्सच्या मागं. दोन फिनिक्सची होतात, आणि बाकीच्यात घोडा.